मुका भुंगा

शेवटचा स्क्रू काही केल्या निघेना. तिनं त्याला तेल पाजलं, सोल्डरिंगच्या सळईचं तापलेलं टोक टेकवलं, लाडीगोडी लावून पाहिली. शेवटी तिची लेक ठमी उठायच्या आत काय ते होऊन जाऊ दे म्हणून तिनं दातओठ खाऊन हिसका दिला. स्क्रू निघाला आणि इंजिन तिच्या हातात आलं. मुठीएवढंच, काजळीनं काळं पडलेलं, एरंडेलाचा आणि स्पिरिटचा उग्र वास मारणारं. बोटीच्या पोटात आता नुसती पोकळी राहिली.

बोटीचं नाव भुंगा. तिच्या बाबांनी ती स्वतःच्या हातानं बांधली होती, पातळ फळ्या वाफवून, वाकवून, वरून फायबरचा थर देऊन. आडव्या झोपलेल्या ठमीपेक्षा लांबीला थोडी जास्तच. काठावर उभं राहून रिमोटनं चालवायची बोट, पण तिला खेळणं म्हटलेलं बाबांना खपत नसे. नायट्रोच्या इंधनावरचं ते इंजिन सुरू झालं, की तळ्याच्या पलीकडच्या काठावरचे लोकसुद्धा कानांत बोटं घालत. म्हणून भुंगा. सुट्टीच्या दिवशी बापलेक सकाळीच तळ्यावर जायची आणि दुपारी तोंडं काळी करून घरी यायची. मग आई दोघांना दारातच थोपवून म्हणायची, "आधी हात धुवा, मग नातं सांगा."

आई गेली, लेकीचं लग्न झालं, ठमी झाली. बाबा लेकीकडे राहायला आले ते फुप्फुसांची चाळणी घेऊनच.

आता ते आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेले असत. उशाशी ऑक्सिजनचं मशीन घरघरायचं आणि त्याची पारदर्शक नळी बाबांच्या नाकाशी. मशीन घरात आलं त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "याच्या आसपास ठिणगी नको, पेटणारं काही नको. बाहेर न्यायचा छोटा सिलिंडर आहे, त्यालाही तेच." नायट्रोचं इंजिन म्हणजे भडकणारं इंधन आणि ते पेटवायला लालबुंद होणारी तार. बाबांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि त्या दिवसापासून भुंग्याचं नाव टाकलं. मग चालणं टाकलं. मग उठून बसणं. आता जेवणही टाकायच्या बेतात होते.

"असे पडून राहिले तर छाती भरून येईल," डॉक्टरीणबाई बाहेरच्या खोलीत आवाज खाली आणून म्हणाल्या. "मग माझ्या हातात काही उरणार नाही. त्यांना उठवा. कशानंही उठवा."

कशानंही म्हणजे कशानं? नवऱ्यानं कॅरम काढून पाहिला. बाबा म्हणाले, "हात दुखतो." तिनं वर्तमानपत्र उशाशी ठेवलं, ते घडी न मोडता तसंच राहिलं. "त्याच त्या बातम्या. काय वाचायच्या?" ठमीला नेऊन त्यांच्या पोटावर बसवलं. त्यांनी तिच्या कानाची पाळी चाचपली, गाल चाचपला, हसल्यासारखं केलं आणि पुन्हा भिंत.

तिचा जीव टांगणीला लागला होता. भांडी घासताना, ठमीला भरवताना, तिचे कान सतत आतल्या खोलीकडे. मशीनच्या घरघरीमागे श्वास आहे ना? एके दुपारी बाल्कनीत कापडाखाली झाकलेल्या भुंग्याला ठेचकाळली आणि तिच्या मनात आलं, आग नको ना? मग आगीशिवाय चालवू.

"बॅटरीवर?" पंपकाका दारातच थबकले. हे बाबांचे जुने मित्र. पेट्रोल पंप चालवण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि तळ्यावरच्या सगळ्या मंडळींना नायट्रोचं मिश्रण तेच करून देत. "अगं, ती काय बोट राहील का? मिक्सर होईल मिक्सर. झाकण तेवढं घट्ट लाव."

"काका, मदत करायला आलात की कुजकं बोलायला?"

"दोन्ही. माझं एकाच खेपेत दोन्ही होतं." ते चपला काढून आत गेले. आतून बाबांचा आवाज आला, "कोण, पंप्या? चपला नवीन घेतल्यास वाटतं."

"बघ, पडल्यापडल्या सगळं लक्ष आहे बेट्याचं," पंपकाका बाहेर येऊन कुजबुजले. तिलाही बरं वाटलं. चपला तर दाराबाहेर होत्या, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

काम ठमीच्या झोपेच्या मापानं चालायचं. ठमी झोपली की हॅक्सॉ, ठमी कुशीवर वळली की श्वास रोखून थांबायचं. इंजिन दोन्ही बाजूंच्या पायांवर बसायचं. मोटर बटाट्याएवढी गोल, आणि तिला तर पुढच्या तोंडानं धरावं लागतं. म्हणून अ‍ॅल्युमिनियमची पट्टी कापून, भोकं पाडून तिनं आडवी भिंत उभी केली. इंधनाची टाकी काढली आणि बोट एका अंगाला कलू नये म्हणून बॅटऱ्या डावीउजवीकडे सारख्या वाटल्या. मोटरीपासून पाण्यातल्या पंख्यापर्यंत जाणारा शाफ्ट मात्र जुनाच ठेवला. पिळाची लवचिक तार ती, पितळी नळीतून बोटीच्या पोटाखालून मागे जाणारी. बाबांनी बसवलेलं एवढं तरी राहू दे.

पहिली चाचणी ठमीच्या अंघोळीच्या टबात झाली. बोटीनं पाण्याची चूळ पुढे टाकली आणि तिच्या तोंडावर उडवली. मोटर उलटी फिरत होती. ठमीला ते फारच आवडलं, तिनं टाळ्या पिटल्या. मोटरीच्या तीन वायरींपैकी दोन आपसात बदलल्या की काम होतं, तेवढं तिनं वाचलं होतं. बदलल्या. दुसऱ्यांदा बोट पुढे झेपावली खरी, पण असा काही कर्कश आवाज निघाला की ठमीनं भोकाड पसरलं. कोरडी तार पितळेवर घासत होती, आणि मोटर थेट फळीला आवळलेली असल्यानं बोटीचं अख्खं पोट ढोलासारखं घुमत होतं. ठमीला कडेवर घेऊन ती बटण शोधतेय तोच आतून हाक आली, "काय ओरडतंय गं ते?"

कित्येक दिवसांत बाबांनी तिला आपणहून विचारलेली ती पहिली गोष्ट. ती घाईघाईनं म्हणाली, "काही नाही बाबा, तार घासतेय. करते बंद."

आणि तिनं बंद केलं. मन लावून, जिद्दीनं बंद केलं. पंपकाकांकडून टेफ्लॉनचं पातळ अस्तर मागवलं आणि पितळी नळीत सरकवलं. तारेला ग्रीस चोपडलं. मोटरीखाली रबराच्या चकत्या घातल्या. मोटर आणि तार एका रेषेत येईपर्यंत तिनं ती पट्टी इतक्यांदा सोडली आणि आवळली, की बोटांची सालटी निघाली. शेवटी टबात बोट अशी चालली की पाण्याच्या सळसळीखेरीज काही ऐकू येईना. तिला स्वतःचंच कौतुक वाटलं. आजारी माणसाला कशाला हवाय तो कल्ला?

ती बोट घेऊन आत गेली आणि पलंगावर बाबांच्या शेजारी ठेवली. त्यांनी डोळे छताकडेच ठेवून हात पुढे केला. बोटं नाकापासून फिरत फिरत मागे गेली आणि पोकळीत उतरली.

"इंजिन?"

"जपून ठेवलंय. डब्यात, तेलात बुडवून."

त्यांची बोटं मोटरीवर थांबली. "किती गार आहे गं."

"चालेल, बाबा. शपथ. आणि तुम्हाला शेजारी सिलिंडर घेऊन बसता येईल. एकदा चला. माझ्यासाठी नको, ठमीसाठी."

मग बाबा म्हणाले, "नातीचं नाव काढून बापाला गुंडाळायचं कुणाकडून शिकलीस? आईकडूनच." त्या संध्याकाळी त्यांनी दुधात बुडवून अख्खा पाव खाल्ला. तिनं स्वयंपाकघरात जाऊन नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. नवरा म्हणाला, "अगं, पाव खाल्लाय. पदक नाही मिळालेलं." आणि स्वतःच डोळे पुसले.

तळ्यावर जायचं म्हणजे वरात. नवऱ्यानं घडीची खुर्ची आणि ठमी घेतली, पंपकाकांनी सिलिंडरची पिशवी, तिनं एका हातात बोट आणि दुसऱ्या हातात बाबा. बाबा दर थोड्या पावलांनी थांबत, हसत, धापा टाकत. "पंप्या, माझी हवा तुझ्याकडे आहे बरं का. मापात पाप करू नकोस." कित्येक दिवसांनी ऊन त्यांच्या तोंडावर पडलं होतं. खुर्चीत बसल्यावर त्यांनी रिमोट मांडीवर घेतला, बोटांनी वळवायचं चाक आणि वेगाचा घोडा चाचपला आणि सवयीनं म्हणाले, "सोड."

तिनं भुंगा पाण्यात सोडला. बाबांनी घोडा ओढला.

बोट सुसाट निघाली. मागे पाण्याची पांढरी शेपटी, बाकी आवाज नाही. पंपकाका, ज्यांनी मिक्सर म्हणून हिणवलं होतं, तेही "अरेच्चा" म्हणाले. तिनं अभिमानानं बाबांकडे पाहिलं. बाबा पुढे वाकले होते. मान एका बाजूला कलती, कपाळाला आठी. घोडा पूर्ण ओढलेला.

"काय गं," ते म्हणाले, "बंद पडला का?"

तिला प्रश्नच कळला नाही. भुंगा पूर्ण वेगात, सरळ, समोरच्या दगडी काठाकडे चालला होता.

"बाबा, वळवा."

"कुठंय?"

"बाबा, वळवा! डावीकडे!"

त्यांनी चाक फिरवलं, फार उशिरा आणि फार जास्त. दगडावर लाकूड आपटल्याचा आवाज मात्र त्यांना नीट ऐकू आला. त्या आवाजाकडे त्यांनी बरोबर मान वळवली. आणि तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख आलं. घडी न मोडलेलं वर्तमानपत्र. ठमीचा चाचपलेला गाल. दाराबाहेरच्या चपला. भिंतीकडे तोंड करून पडलं काय आणि दाराकडे करून पडलं काय, या माणसाला सारखंच होतं.

बाबांनी रिमोट मांडीवरून उचलून हवेत धरला, कुणीतरी घ्यावा म्हणून. "झालं," ते म्हणाले. "घरी चला."

घरी आल्यावर ती त्यांच्या पलंगापाशी जमिनीवर बसली. रागवायचं होतं, पण आवाज भलताच निघाला. "कधीपासून?"

"आई होती तेव्हापासूनच. डोळ्याचा पडदा म्हणे. त्याला औषध नाही, दाखवून झालंय माझं. कडेकडेनं थोडं उजाडल्यासारखं दिसतं, मधे काही नाही."

"आणि तुम्ही बोट चालवत होतात! तळ्यावर, सगळ्यांसमोर!"

"इंजिन होतं तोवर मला दिसायचं," बाबा म्हणाले. "येतोय, जातोय, वळतोय, लाटेवर उडतोय. सगळं दिसायचं. तू इंजिन काढलंस, त्यात तुझा काही दोष नाही. ते तर जायचंच होतं."

"मला सांगायचं तरी!"

"काय सांगायचं? एका काळजीवर दुसरी काळजी मोफत?" ते हसले नाहीत. हात नाकाशी गेला आणि त्यांनी ती नळी काढून उशीवर ठेवली, चष्मा काढून ठेवावा तितक्या सहज. "हिचाही कंटाळा आला आता."

तिनं नळी पुन्हा लावली. त्यांनी पुन्हा काढली. तिनं लावली. तिसऱ्यांदा त्यांनी तिचं मनगट धरलं. त्या हातात जोर नव्हता, पण ती सोडवून घेऊ शकली नाही. शेवटी ठमी रांगत आली आणि नळी ओढून स्वतःच्या तोंडात घालायला लागली, तेव्हा दोघांनीही एकदम "ए, नाही!" केलं. त्या गडबडीत तिनं नळी बसवून टाकली. पण अशा गडबडी रोज कुठून आणायच्या?

त्यानंतरचे दिवस तिनं कसे काढले ते तिलाच ठाऊक. बाबा पाणी मागत नसत, दिलं तर घोटभर पीत. डॉक्टरीणबाईंनी छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं आणि तिच्याकडे न बघता पिशवी आवरली. ती वेड्यासारखी उपाय करत सुटली. बोटीचं फुटलेलं नाक रेझिननं सांधलं. आत एक बझर बसवला, पीं पीं करणारा. बाबांच्या कानाशी नेऊन वाजवला. ते म्हणाले, "हा भुंगा नाही. ही मागे येणारी मोटार आहे." आणि खरंच होतं. बोट रांगो की धावो, बझरचा सूर एकच. त्यातून काय दिसणार? मग तिनं डबा बांधला, छोट्या घंटा बांधल्या. टबात पाण्याच्या आवाजात घंटा बुडून गेल्या.

त्या दुपारी मोरीत बसून, नळ सोडून, ती रडली. टबात भुंगा एका अंगाला टेकून तरंगत होता, गप्प. तिला त्याचा भयंकर राग आला. इतकं रक्त आटवून, बोटं सोलून तिनं त्याला काय दिलं होतं? शांतता. जे बाबांना नको होतं नेमकं तेच. तार जरा घासली तर तिनं लगेच...

ती रडायची थांबली. नळ बंद केला.

काय ओरडतंय गं ते? असं बाबांनी आपणहून विचारलं होतं.

तिनं बोट उलटी केली आणि पंखा काढला. पिळाची तार ओढून काढली, फडक्यानं पुसून तिचं ग्रीस घालवलं. चिमट्यानं पितळी नळीतलं टेफ्लॉनचं अस्तर पकडलं आणि ओढलं. आतडं निघावं तसं ते लांबच लांब निघालं. मोटरीखालच्या रबराच्या चकत्या काढून फेकल्या आणि मोटर थेट फळीला आवळली, जितकी आवळता येईल तितकी.

पंपकाका नेमके तेव्हाच आले आणि मोरीच्या दारात उभे राहून पाहू लागले. "अगं, वेड लागलं का? पितळ खाईल तारेला. थोड्या फेऱ्या होतील आणि तटकन तुटेल."

"तुटू दे."

"मोटरही जाईल एखादे वेळी."

"जाऊ दे, काका! पिशवी घ्या त्यांची."

बाबांना तिनं विचारलंच नाही. नवरा कामावर होता. तिनं आणि पंपकाकांनी त्यांना दोन बाजूंनी धरून उठवलं, तेव्हा ते म्हणाले, "हे काय, उचलून नेताय? अजून वेळ आहे त्याला." पण त्यांनी विरोध केला नाही. विरोधालाही ताकद लागते. ठमीला तिनं पाठीशी बांधलं. तळ्यापर्यंतच्या वाटेत ते इतक्यांदा थांबले, की एकदा तिला वाटलं आपण आपल्या हातानं यांना मारायला निघालोय. त्यांचे ओठ निळसर दिसत होते. परत फिरावं का? पंपकाकांनीही तिच्याकडे पाहिलं. ती परत फिरली नाही.

खुर्चीत बसल्यावर त्यांचं डोकं छातीवर कललं. तिनं रिमोट त्यांच्या मांडीवर ठेवला, त्यांचं बोट उचलून घोड्यावर ठेवलं. त्यांनी ते तसंच राहू दिलं, घोडा ओढला नाही.

"बाबा, ओढा."

ती त्यांच्या कानाशी वाकली.

"बाबा, ऐका माझं. एकदाच."

तिनं त्यांच्या बोटावर बोट ठेवलं आणि हळूच दाबलं.

भुंगा ओरडला. आधी दात खाल्ल्यासारखा करकरला, मग वेग घेताच आवाज चढत गेला. लाकडाचं पोट घुमायला लागलं आणि त्या घुमण्यावर ती कोरडी तार किंचाळत सुटली. पाठीवरच्या ठमीनं दचकून तिचे केस ओढले. बाकावरचं एक जोडपं उठून गेलं. इंजिनासारखा तो आवाज मुळीच नव्हता. बारीक होता, कर्कश होता, अंगावर काटा आणणारा होता.

बाबांचं डोकं वर आलं.

तिनं बोट काढून घेतलं तरी घोडा ओढलेलाच राहिला. बाबांची मान कलती झाली आणि मग हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरायला लागली. बोट जिथे होती, बरोबर तिथे. काठ जवळ आला तसा आवाज त्याच्या दगडांवरून परत फिरून दुप्पट झाला. ती "वळवा" म्हणणार तोच चाक फिरलं आणि भुंगा काठाला वळसा घालून, पाणी उडवत माघारी निघाला.

बोट दोनदा तळं फिरून आली. बाबांची छाती भात्यासारखी चालत होती.

"तार कोरडी आहे," ते म्हणाले. धापेमुळे शब्द तुटत होते, पण आवाजात जुनी जरब होती. "ग्रीस कोण घालणार? इतकी वर्षं काय शिकवलं तुला?"

"ग्रीस नाही घालायचं, बाबा."

बाबांचे कान त्या किंचाळण्याकडे होते. त्यात मधूनच एक खरखर यायला लागली होती, तिलाही ऐकू आली. बाबांना तर नक्कीच. तारेचा एखादा पदर तुटला असावा.

"किती टिकेल?"

"टिकेल तितकी."

बाबांनी घोडा एकदम सोडला. आवाज खाली आला, आणि भुंगा तळ्याच्या मधोमध लाटांवर डुलत राहिला. बाबांनी रिमोट छातीशी घट्ट धरला होता. या वेळी तो कुणी घ्यावा म्हणून त्यांनी हात पुढे केला नव्हता.

"मग आज एवढंच," ते म्हणाले. "सगळी तार आजच संपवायला नको. हळूहळू आणतो त्याला काठाला. उद्याला ठेव थोडी."

आणि भुंगा करकरत, रांगत, त्यांच्या कानाच्या रेषेत काठाकडे यायला लागला.